एक थेंब जास्त

पुन्हा गुलाबीच.

मावशीनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला, घट्ट मिटला, उघडला आणि परत वाकून पाहिलं. जणू तेवढ्यात जंतूंना लाज वाटून ते रंग बदलणार होते. पण ते होते तसेच होते. गोल गोल, द्राक्षांच्या घोसासारखे एकमेकांना चिकटलेले, अगदी पुस्तकात काढल्यासारखे. फक्त पुस्तकातले जांभळे होते आणि तिचे गुलाबी.

"काय निघालं?" शेजारच्या मुलीनं विचारलं. हिला सगळा वर्ग रेडिओ म्हणायचा, कारण सकाळी वर्गात पाऊल टाकल्यापासून ती जंतूंची नावं मोठ्यानं घोकत असे आणि तिला बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलेलं नव्हतं.

"गुलाबी."

"परत? मावशी, माझा नवा ड्रेस काही तुमच्याकडे धुवायला द्यायची नाही मी."

मागच्या टेबलावरच्या दोघी फिसकन हसल्या. मावशीला हसू आलं नाही. तिनं काचपट्टी काढून बशीत टाकली. बशीत आधीच्या पट्ट्या पडल्याच होत्या, सगळ्या तशाच, फिक्या गुलाबी.

मॅडम येऊन उभ्या राहिल्या. चष्म्याच्या जाड काचांमुळे मुली त्यांना पाठीमागे भिंगबाई म्हणत. त्यांनी पट्टी उचलून उजेडासमोर धरली. सूक्ष्मदर्शकात पाहायची त्यांना गरजच पडली नाही.

"गेला रंग."

"मॅडम, पुस्तकात दिलंय तसंच केलं मी."

"जांभळा रंग टाकलात, तो बरोबर. आयोडीन टाकलंत, तेही बरोबर. मग अल्कोहोल. पट्टी तिरकी धरून थेंब थेंब सोडायचं, आणि खाली पडणारा थेंब फिका होत आला की लगेच पाण्याखाली. तुम्ही तो पार नितळ होईपर्यंत ओतता आणि वर आणखी ओतता." त्यांनी पट्टी परत बशीत ठेवली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तुम्हाला धुणं येतं हो. थांबणं येत नाही."

सगळा खेळ एवढाच होता. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काही सोडून देतात. ज्यांनी सोडला ते नंतरच्या रंगात गुलाबी दिसतात. जांभळ्यांची औषधं वेगळी, गुलाब्यांची वेगळी. पण मध्येच अल्कोहोल जास्त झालं, तर धरून ठेवणारेसुद्धा हार मानतात आणि गुलाबी होऊन बसतात. मग पाहणारा फसतो. मावशीला हे सगळं तोंडपाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. हाताला मात्र कोण सांगणार?

खरं तर ती कुणाचीच मावशी नव्हती. अठ्ठाविशी गाठलेली, एका अडीच वर्षांच्या मुलीची आई. पण नर्सिंगला येण्याआधी कितीतरी वर्षं ती इस्पितळात वॉर्डात कामाला होती, आणि वॉर्डात पेशंटला बेडपॅन देणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, पेशंटला उठवून बसवणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात. ती कामाला लागली तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती, तेव्हाही सत्तरीतले म्हातारे तिला "अहो मावशी" म्हणूनच हाक मारायचे. नर्सिंग कॉलेजात तरी नाव मिळेल असं तिला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी वॉर्डातली ओळखीची सिस्टर वर्गाच्या दारात येऊन "अगं मावशी, तू इथे?" म्हणाली आणि संपलंच.

इस्पितळानंच तिला शिकायला पाठवलं होतं. अट एकच, पहिलं वर्ष निघालं पाहिजे. शरीरशास्त्र निघालं, आहारशास्त्र निघालं, पेशंटची सेवा या विषयात तर ती वर्गात पहिली आली. अडलं ते फक्त सूक्ष्मजीवशास्त्रात. मागच्या परीक्षेत लेखी पास झाली आणि प्रात्यक्षिकात नापास. आता फेरपरीक्षा तोंडावर आलेली. त्यातही गेली, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या बाईला मिळणार आणि तिच्या हातात परत वॉर्डातली ट्रॉली येणार. त्या कामाची तिला लाज नव्हती. पण एकदा दुसरं काही होऊन बघितल्यावर परत त्याच ट्रॉलीमागे उभं राहणं म्हणजे शिवलेला कपडा उसवून पुन्हा ताग्यावर ठेवण्यासारखं होतं. ताग्याला काही वाटत नसेल, कपड्याला वाटतं.

धुण्याचा हात तिला आईकडून आला होता. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती, आयुष्यभर. शाळा सुटली की ही तिथे जाऊन बसायची, वाफेत, ओल्या चादरींच्या ढिगाशेजारी. डाग पडलेल्या चादरी आई यंत्रात टाकण्याआधी हातानं खळबळून काढायची. पाणी लाल निघायचं, मग गुलाबी, मग नितळ. "आता झालं ना?" ही विचारायची. आई म्हणायची, "पाणी नितळ आलं की झालं, असं आळशी बायका म्हणतात. नितळ आलं की अजून एकदा." आणि ती अजून एकदा खळबळायची. आई गेली त्याला काही वर्षं झाली, पण हिच्या मनगटात ते "अजून एकदा" तसंच राहिलं होतं. भांडी असोत, कपडे असोत, तांदूळ असोत, हिला शेवटचं एक पाणी जास्तीचं लागायचंच. संसारात ते गुण म्हणून मिरवलं गेलं. प्रयोगशाळेत त्याच्यापायी नापास व्हायची पाळी आली.

तरी एवढ्यावर भागलं असतं. पण मध्ये ती हातांची ताटली झाली.

मॅडमनी सगळ्यांना जंतू वाढवायच्या त्या गोल, झाकणाच्या ताटल्या दिल्या होत्या. आत पिवळसर, थरथरणारा थर. ताटलीच्या मधोमध रेघ मारायची. एका बाजूला न धुतलेली बोटं टेकवायची, मग हात धुऊन दुसऱ्या बाजूला. ताटल्या उबेला ठेवून पुढच्या तासाला बघायचं. मावशीनं हात असे धुतले की रेडिओ म्हणाली, मावशी, रेषा जातील हातावरच्या. पुढच्या तासाला झाकणं उघडली. मुलींच्या ताटल्यांत न धुतलेल्या बाजूला ठिपके दाट आणि धुतलेल्या बाजूला विरळ. मावशीच्या ताटलीत उलटं. न धुतलेल्या बाजूला थोडेसे, आणि धुतलेल्या बाजूला नुसती रांगोळी.

वर्गात हशा पिकला. मॅडमनी समजावून सांगितलं की असं होतं कधीकधी. खूप चोळलं की कातडीच्या आत दडलेले जंतू सैल होऊन वर येतात, त्यात हात नीट कोरडे केले नाहीत तर आणखीच. ते आपले रोजचेच जंतू असतात, बहुतेक निरुपद्रवी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे शेवटचं वाक्य मावशीच्या कानात शिरलंच नाही. तिच्या डोळ्यांसमोर फक्त ती धुतलेली बाजू राहिली. एवढं धुऊनही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात चिंगीच्या नाकाखाली फोड आले.

चिंगी म्हणजे तिची लेक. खरं नाव मोठं, कागदावरचं. घरात ती चिंगीच. नाकाखाली आधी पाण्याचे बारीक फोड, मग मधासारखी पिवळी खपली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि चिठ्ठी लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरात कोणी इस्पितळात असतं का कामाला?" एवढंच. आठवड्यात फोड सुकले, खपल्या पडल्या, खालची कातडी नव्यासारखी झाली. पण तो प्रश्न तिच्या आईच्या अंगावर खपली धरून बसला, तो पडेना.

तेव्हापासून घरी आल्यावरचा क्रम ठरून गेला. दारात चपला, खुंटीला पिशवी, आणि सरळ मोरीशेजारच्या बेसिनकडे. कोपरापर्यंत हात. तळव्यावर तळवा, मग उलटा हात, मग बोटांत बोटं, मग अंगठा मुठीत धरून, मग नखं तळव्यावर घासून. पाणी नितळ. मग ओठांतल्या ओठांत, "अजून एकदा." मग कपडे बदलायचे. मग चिंगी.

सुरुवातीला चिंगी धावत यायची आणि पायाला मिठी मारायला बघायची. "थांब," आई म्हणायची, "जंतू आहेत. थांब." सासूबाई तिला कमरेत धरून ठेवायच्या. ती भोकाड पसरायची. लाथा झाडायची. पाण्याच्या आवाजाच्या वर तिचा आवाज चढायचा आणि आईचे हात आणखी घाईनं, आणखी जोरानं चालायचे.

मग कधीतरी ती रडायची थांबली. सासूबाईंच्या खुर्चीजवळ फरशीचा एक तुकडा तडकलेला होता. त्याच्यापर्यंत यायची आणि उभी राहायची.

"शहाणी झाली," मावशी नवऱ्याला म्हणाली.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. दिवसभर वर-खाली करून थकलेला माणूस, घरी आल्यावर कुठल्याच बाजूला ओढला जायला तयार नसे. तो हूं म्हणाला. सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

"अगं, पोरगी आहे ती, तुझी ती कॉलेजातली ताटली नव्हे," त्या म्हणाल्या. "आली की आधी जवळ घ्यावं. जंतू काय पळून जातात का कुठे? नंतर धू त्यांना निवांत."

"तिला परत झालं तर?"

"झालं तर मलम आहे. दोन रुपड्यांचं मलम ते." मग जरा थांबून म्हणाल्या, "दुसऱ्या गोष्टीला मलम नसतं."

सासूबाईंच्या बोलण्यात अशी वाक्यं असायची, त्यांना उत्तर द्यायला गेलं की आपणच खोटे पडतो. मावशीनं पुस्तक उघडलं.

अभ्यास व्हायचा तोही असाच, तुकड्या-तुकड्यांत. कुकरची वाफ जाईपर्यंत एक पान. चिंगी दुपारची झोपून उठेपर्यंत दोन पानं, तीही ती झोपली तर. जंतूंची नावं अशी की जीभ मुरगळावी, आणि नाव पाठ झालं तोवर त्याचा आजार विसरलेला असे. एकदा वैतागून तिनं पुस्तक भिंतीवर फेकलं. ते पडलं चिंगीच्या मण्यांच्या डब्यावर, आणि सगळे मणी घरभर. चिंगी आधी दचकली, मग खुदकन हसली आणि पुस्तक उचलून परत आईच्या हातात देऊ लागली. अजून एकदा फेक म्हणून.

त्या दिवशी दोघी मणी वेचत बसल्या आणि वेचता वेचता अभ्यास झाला. मणी दोऱ्यात ओवले की जंतूंची एक जात, घसा धरणारी. मुठीत घेऊन ढीग केला की दुसरी, फोड आणणारी. दोन दोन जोडीनं ठेवले की तिसरी. चिंगी गंभीरपणे मुठीनं ढीग करायची आणि म्हणायची, "फोड." मग स्वतःच्या नाकाखाली बोट लावून दाखवायची. मावशीनं तिचं ते बोट धरलं, तोंडाशी नेलं, आणि मग काही आठवून खाली सोडलं. सकाळी वॉर्डात ड्युटी झाली होती. हात धुतले होते, कपडे बदलले होते. तरी.

फेरपरीक्षेच्या दिवशी ती लवकर निघाली. चिंगी दारापर्यंत आली आणि लांबूनच हात हलवला. "आज नीट रंगव हं," नवरा म्हणाला. भिंत रंगवायला निघाली असावी तसं. तिला त्याचा राग आला आणि बरंही वाटलं.

परीक्षेला बसलेल्या थोड्याच जणी होत्या. रेडिओही त्यांत होती. तिचं उलटं होतं, प्रात्यक्षिकात पास आणि लेखीत नापास, कारण घोकलेलं सगळं एकदम बाहेर आलं होतं आणि प्रश्नाला धरून काहीच नव्हतं. तरी नियम असा की दोन्ही पुन्हा द्यायचं. लेखी आधीच होऊन त्यात दोघी निघाल्या होत्या, राहिलं होतं ते एवढंच. आज ती गप्प होती. बंद रेडिओ शेजारी असला की जास्तच भीती वाटते.

प्रत्येकीला एक नळी मिळाली, आत गढूळ पाणी. आत कोण आहे ते ओळखायचं. पट्टी एकच. बिघडली तर दुसरी नाही. आणि शेवटी मॅडम स्वतः पाहून दोन प्रश्न विचारणार.

मावशीनं तार ज्योतीत लाल केली, गार होऊ दिली, थेंब घेतला, काचेवर पातळ पसरला. हात स्थिर होता. वर्षानुवर्षं म्हाताऱ्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलेला हात, तो कापायचा नाही. थेंब सुकला. ज्योतीवरून पट्टी फिरवली. जांभळा रंग. पाणी. आयोडीन. पाणी. सगळं बरोबर.

मग अल्कोहोल.

तिनं पट्टी तिरकी धरली. पहिला थेंब गर्द जांभळा होऊन खाली पडला. दुसरा तसाच. मग जांभळाच्या डागासारखा. मग फिका. आत्ता, ती स्वतःला म्हणाली. आत्ता थांब. काचेच्या कडेला एक पुसट जांभळी ओल दिसत होती, अगदी पुसट, नखाएवढी. चादरीच्या कोपऱ्यात राहून जाते तशी. तिनं ठरवलं होतं थांबायचं. घरून निघताना ठरवलं होतं, येताना रस्ताभर ठरवलं होतं. पण ती ओल डोळ्यांना दिसली आणि मनगट आपोआप वळलं.

एक थेंब.

तो नितळ पडला. तिनं पट्टी झटक्यानं पाण्याखाली धरली. धरता धरताच तिला कळलं होतं.

शेवटचा रंग टाकला, धुतलं, टिपकागदानं टिपलं, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. बराच वेळ नुसती चकती फिरवत राहिली, बघितलंच नाही. मग बघितलं. गोल. घोसात. मुठीतल्या मण्यांसारखे. चिंगीचे फोड. आणि गुलाबी. मध्ये कुठे एखादा जांभळट राहिला होता, पण रंग कोणता म्हणाल तर गुलाबी.

 तिला संताप आला, आणि तो कुणावर करायचा ते कळत नव्हतं. आईवर? त्या धुलाईखान्यात हातांची साल निघेपर्यंत राबलेल्या बाईवर?

उत्तर लिहायच्या कागदावर तीन ओळी होत्या. आकार. मांडणी. रंग. तिनं आकार लिहिला. मांडणी लिहिली. तिसऱ्या ओळीशी पेन थांबलं. गोल आणि घोसातले हे जंतू जांभळेच असतात हे तिला ठाऊक होतं. रेडिओला ठाऊक होतं. चिंगीलाही पढवलं असतं तर ठाऊक झालं असतं.

"जांभळं लिहा," रेडिओ ओठ न हलवता म्हणाली. तिनं स्वतःच्या टेबलावरून मावशीची पट्टी ओळखली होती. "त्या कुठे सगळ्यांच्या पट्ट्या बघत बसणारेत? लिहा आणि मोकळ्या व्हा."

आणि ते खरंही होतं, मॅडम घाईत असल्या की आधी कागद बघायच्या. मावशीनं पेन टेकवलं. तिला वॉर्डातली पहिली सिस्टर आठवली, जिनं तिला थर्मामीटर वाचायला शिकवलं होतं. शिकवायची गरज नसताना, रिकाम्या दुपारी, गंमत म्हणून. आकडा वाचता येत नाही म्हणून हिनं अंदाजानं काहीतरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "दिसला नाही तर दिसला नाही म्हण. अंदाजानं माणूस मरतो."

मावशीनं लिहिलं: गुलाबी दिसले. त्याखाली, ओळ नव्हती तिथे, आणखी लिहिलं: हे जांभळे असायला हवेत असं वाटतं. माझ्या हातून अल्कोहोल जास्त झालं. पुन्हा रंगवून पाहिल्याशिवाय पेशंटला औषध देऊ नये.

मॅडम आल्या. कागद वाचला. मग सूक्ष्मदर्शकात पाहिलं, चकती फिरवून बराच वेळ पाहिलं.

"गुलाबी असतात का हे?"

"नसतात."

"मग माहीत असून जांभळे का नाही लिहिले?"

"दिसले नाहीत मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. बिनचष्म्याचे त्यांचे डोळे लहान आणि दमलेले दिसत होते. "किती थेंब जास्त झाले?"

"एक."

"कळलं होतं?"

"पडताना कळलं."

"पडायच्या आधी कळायला हवं," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

बाहेरच्या बाकावर सगळ्या जणी बसून राहिल्या. रेडिओला वाचा फुटली होती आणि ती मावशीला पटवून देत होती की तुम्ही हातानं पायावर धोंडा मारून घेतलात. इतकं शहाणपण परीक्षेत करायचं नसतं, ते नोकरी लागल्यावर करायचं. मावशी ऐकत होती. तिला मनातून ते पटतही होतं. परत ट्रॉली आली हातात, असं ती धरून चालली होती. घरी काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होती. चिंगीला सांगायची गरज नव्हती, एवढीच त्यातली बरी गोष्ट.

मॅडम दारात आल्या आणि एकेकीचं नाव घेऊन सांगू लागल्या. मावशीचं खरं नाव घेतलं तेव्हा ती क्षणभर उठलीच नाही.

"रंगाचे गुण नाहीत," मॅडम म्हणाल्या. "ते चुकलंय आणि चुकलेलंच राहील. बाकीच्याचे आहेत. कारण लिहिलंत त्याचे आहेत. काठावर पास." मग, आवाज न बदलता, "काठावरच, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे हात सुधारून यायचं."

रेडिओनं तिच्या पाठीत धपका घातला. मावशीला वाटलं होतं आनंद होईल. झाला, पण जड ट्रॉली चढावर ढकलून झाल्यावर होतो तसा, हातात कळ घेऊन. येताना बसमध्ये खिडकीशी बसून तिनं स्वतःचे हात मांडीवर उलटेपालटे करून पाहिले. अल्कोहोलनं बोटांची टोकं पांढरी पडली होती. कॉलेजातून निघताना धुतले होते, नीट, सुकवलेही होते. पुरे, ती मनात म्हणाली. आज घरी गेल्यावर आधी जवळ घ्यायचं. मग बाकीचं.

दार उघडंच होतं. सासूबाई खुर्चीत भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि चेहऱ्यावरूनच ओळखलं. "निघालं ना?" म्हणाल्या. हिनं मान हलवली. "बघ," त्या म्हणाल्या आणि परत देठं मोडू लागल्या, कारण त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

चिंगी कोपऱ्यात मण्यांशी बसली होती. मावशीनं चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, आणि बेसिनकडे न वळता तिथेच दाराशी गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात पसरले.

"चिंगे. ये."

चिंगी उठली. आनंदानं आली, तडकलेल्या फरशीपर्यंत. तिथे थांबली. बेसिनकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. काहीतरी राहून गेलंय, असं तिच्या कपाळावर दिसत होतं.

"ये गं. आज नाही धुवायचे. ये."

चिंगीनं मान हलवली. "थांब," ती म्हणाली. "जंतू."

आणि मग तिथेच उभी राहून ती हात धुऊ लागली. कोरडेच. तळव्यावर तळवा. मग उलटा हात. मग बोटांत बोटं, ती तिला नीट अडकवता येत नव्हती, तरी एकेक सोडवून पुन्हा अडकवली. मग अंगठा मुठीत धरून, जीभ ओठाच्या कोपऱ्यात दाबून. नखं तळव्यावर घासली. हात झटकले. वर उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी तपासून पाहिले.

सासूबाईंच्या हातातली देठं मोडायची थांबली होती.

"झालं," मावशी म्हणाली.  "झाले बाळा स्वच्छ. ये आता."

चिंगीनं हात पाहिले. आईचे पसरलेले हात पाहिले. मग शहाण्या माणसासारखं म्हणाली, "अजून एकदा," आणि पुन्हा तळव्यावर तळवा ठेवला.

मावशी गुडघ्यांवर बसून राहिली. पसरलेले हात तिनं खाली घेतले नाहीत.